पूल लवकर हवा असेल तर तो अर्ज मागे घ्या: बे एरियातल्या आमच्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

दिवाळी फराळाच्या कार्यक्रमात चकलीच्या ताटाशेजारून एक क्लिपबोर्ड फिरत होता, शाळेजवळच्या पुलाबाबत सिटी कौन्सिलला द्यायच्या अर्जाचा. बहुतेकांनी एका हातात प्लेट सांभाळत दुसऱ्या हाताने सही ठोकली. माझ्यापुढे आला तेव्हा मी "वाचून करतो" म्हणालो आणि तो तसाच पुढे सरकवला. तेव्हापासून ग्रुपवर कुजबुज सुरू आहे की हा सरकारी रस्त्या-पुलांच्या खात्यातला माणूस, आपलाच, आणि हाच सही करत नाही. एका वहिनींनी तर थेट विचारलं, "पूल आहे हो, अणुभट्टी नाही. कसला एवढा अभ्यास?"

प्रश्न रास्त आहे. फोनवर पाच मिनिटांत उत्तर देता येईना, म्हणून हे पत्र. मराठीत लिहितोय, कारण हे घरातलं बोलणं आहे. कौन्सिलला काय सांगायचं ते आपलं आपल्यात ठरल्यावर इंग्रजीत सांगू.

अर्जात तीन मागण्या आहेत. एक, शाळेजवळच्या क्रीकवरचा, म्हणजे ओढ्यावरचा, जुना पूल पाडून फुटपाथसह नवा बांधावा. दोन, मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न असल्याने या कामाला पर्यावरण आढाव्यातून पूर्ण सूट द्यावी. तीन, पुलापलीकडे पार्कच्या कडेने थोडी जागा घेऊन मुलांना सोडायला येणाऱ्या गाड्यांसाठी एक जादा लेन करावी. पहिल्या मागणीवर मी दोन्ही हातांनी सही करीन. माझी धाकटी रोज त्याच पुलावरून जाते. सप्टेंबरात एका मुलाच्या सायकलच्या हँडलला गाडीचा आरसा घासून गेला, तेव्हा मागे पन्नास पावलांवर मीच होतो. १९३८ साली बांधलेला तो पूल दोन गाड्यांना जेमतेम पुरतो, पायी चालणाऱ्याचा विचार त्यात नाहीच. दुसरी मागणी मात्र चुकीच्या दारावर थाप मारते, आणि तिसरी मागणी दुसरीच्या बरोबर उलट काम करते. हे अर्ज लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलेलं नाही असं धरून चालतो.

आधी पैशाचं बोलू. आपल्या सिटीकडे नवा पूल बांधायला पैसे नाहीत. हा पूल फेडरल पूल-निधीतून होणार आहे. कॅलिफोर्नियात त्या निधीचं नेहमीचं प्रमाण असं, की खर्चाच्या १०० डॉलरमागे ८८.५३ डॉलर फेडरल सरकारचे आणि ११.४७ डॉलर आपले. हे पैसे कुणी आगाऊ हातात ठेवत नाही. सिटीने खर्च करायचा, मग बिल पाठवून परत मागायचा. आणि कुठल्या टप्प्याचा खर्च कधीपासून धरायचा यासाठी एक मंजुरीचा कागद लागतो. आमच्या धंद्यात त्याला 'ई-७६' म्हणतात. त्याच्या तारखेआधी खर्च केलेला डॉलर आपल्याच खिशातून गेला असं समजायचं. पर्यावरणाचा कागद सही होण्यापूर्वी अंतिम डिझाइनचा आणि जागा खरेदीचा ई-७६ मिळत नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका छोट्या गावाने (नाव राहू दे) घाई म्हणून पुलालगतच्या जागामालकाशी व्यवहार आधीच उरकून टाकला. ती जागा सगळीच्या सगळी गावाच्या पैशाने पडली. वर बाकीच्या पैशाचं काय, यावर दीड वर्ष पत्रापत्री चालली. त्या पत्रापत्रीच्या फायली मी उचलल्यात, म्हणून लक्षात आहे.

तेव्हा आपल्या कौन्सिलने उद्या एकमताने ठराव केला की "आढावा माफ", तरी त्याचा अर्थ एवढाच होईल की "फेडरल पैसे नकोत". माफी देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाहीच. तो अधिकार राज्याच्या राजधानीत, सॅक्रमेंटोत आहे, तोही उसना. २००७ पासून कॅलिफोर्नियात फेडरल हायवे खात्याच्या वतीने कॅलट्रान्सच, म्हणजे राज्याचं रस्ते-परिवहन खातंच, या कागदांवर सही करतं. त्या बदल्यात, या कामावरून आमच्यावर फेडरल कोर्टात दावा लावता येईल, असं राज्याला कबूल करून द्यावं लागलं. जबाबदारी अंगावर घेतलेला माणूस सही करताना पेन जपून चालवतो, तसं कॅलट्रान्सचं आहे. आणि समजा, फेडरल पैसे नाकारून सगळा खर्च आपणच केला, तरी क्रीक जागेवरच राहते. पाण्यात खांब रोवायचा तर आर्मी कोअरची (लष्कराच्या इंजिनियर खात्याची) परवानगी, राज्याच्या वॉटर बोर्डाची, मासे-वन्यजीव खात्याची, आणि राज्याचा स्वतःचा पर्यावरण कायदा सीक्वा, हे सगळं आहेच.

आता मूळ कायदा. नॅशनल एन्व्हायर्न्मेंटल पॉलिसी ॲक्ट, तोंडी 'नेपा'. १ जानेवारी १९७० रोजी निक्सन यांनी त्यावर सही केली. आदल्या वर्षी सांता बार्बराच्या समुद्रात तेल सांडलं होतं, ओहायोतल्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने पेट घेतला होता, लोक चिडलेले होते. गंमत अशी की हा कायदा झाडं तोडू नका, बेडूक मारू नका असं कुठेच म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो की सरकारी पैशाने काही करण्याआधी त्याचे परिणाम बघा, पर्याय बघा, लिहून ठेवा आणि मग ठरवा. बघून-सवरून वाईट निर्णय घ्यायलाही त्यात मुभा आहे. न बघता घ्यायला नाही.

या बघण्याच्या तीन पायऱ्या आहेत. मोठा फ्रीवे वगैरे असेल तर सविस्तर अहवाल, ज्याला सगळे 'ईआयएस' म्हणतात. परिणाम मोठे आहेत की नाहीत याचीच खात्री नसेल तर मधला 'ईए'. आणि ज्या प्रकारच्या कामांचा सहसा मोठा परिणाम होत नाही हे अनुभवाने ठाऊक आहे, त्यांच्यासाठी 'कॅटेगॉरिकल एक्स्क्लुजन', आमच्या बोलीत कॅट-एक्स. याचा सरळ अर्थच सूट. फेडरल हायवेच्या पैशातून होणाऱ्या कामांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त कामं या सुटीतूनच जातात. जुना पूल पाडून नवा बांधणं हे काम २०१४ मध्ये सुटीच्या सोप्या यादीत आणलं गेलं. म्हणजे वहिनी, तुमचं म्हणणं सरकारला पटून बरीच वर्षं झाली. आपला पूल कॅट-एक्सच आहे. आपण जी सूट मागतोय ती मिळालेली आहे.

मग वेळ कशात जातो? कॅट-एक्सचा फॉर्म तसा दोन-चार पानांचा. पण त्या सोप्या यादीत बसायला अटी आहेत, आणि त्या पूर्ण होतात हे दाखवावं लागतं. जादा जागा फारशी घ्यायची नाही. आर्मी कोअरची मोठी, स्वतंत्र परवानगी लागेल इतकं पाण्यात उतरायचं नाही. ऐतिहासिक वास्तूला धक्का नाही. कायद्याने संरक्षित प्राण्याला इजा होण्याची शक्यता नाही. पार्कच्या जागेला हात लावायचा तर अगदी नगण्य. आणि बांधकामाच्या काळात रस्ता बंद ठेवून लोकांचे मोठे हाल करायचे नाहीत. एखादी अट मोडली की काम बुडत नाही, पण दुसऱ्या यादीत जातं, तिथे जास्त बघतात. म्हणून सुरुवातीलाच सिटी एक 'पीईएस' फॉर्म भरून कॅलट्रान्सच्या जिल्हा कार्यालयात देते. त्यात हो-नाही-माहीत नाही अशा खुणा करायच्या असतात, आणि त्यावरून कुठले अभ्यास करायचे ते ठरतं. माझ्या अनुभवात निम्म्या विलंबाचं मूळ या फॉर्मवरच्या घाईत केलेल्या खुणांत सापडतं. आपल्या पुलाचा पीईएस मी पाहिलाय. सार्वजनिक कागद आहे, कुणीही मागू शकतं. चांगला भरलाय. पूल ऐतिहासिक पुलांच्या यादीत पाचव्या वर्गात आहे, म्हणजे जुना आहे पण जपण्याजोगा नाही, तो प्रश्न मिटला. उरले दोन कळीचे मुद्दे, बेडूक आणि पार्क.

बेडकावर ग्रुपवर भरपूर विनोद झाले. मीही हसलो. पण तो कोण आहे ते तरी ऐका. कॅलिफोर्नियाचा लाल पायांचा बेडूक, पश्चिम अमेरिकेतला सर्वांत मोठा देशी बेडूक. सोन्याच्या मागे धावत आलेल्या लोकांनी याच्या तंगड्या तळून खाल्ल्या, इतक्या की बेडूक संपत आले. मग तंगड्यांसाठी पूर्वेकडून बुलफ्रॉग जातीचे मोठे बेडूक आणून सोडले, आणि त्या बुलफ्रॉगनी उरलेसुरले देशी बेडूक गिळले. १९९६ पासून तो धोक्यातल्या प्राण्यांच्या फेडरल यादीत आहे. २०१४ मध्ये राज्याने त्याला राज्याचा उभयचर म्हणून मान दिला. मान मिळाला, डबकी कमी होत गेली.

तो आहे की नाही हे बघायचं कसं? शेजारच्या काउंटीतल्या एका पुलाच्या कामात मी बायोलॉजिस्टबरोबर रात्री क्रीकमध्ये उतरलो होतो. फेब्रुवारी, हाडं गोठवणारं पाणी, छातीपर्यंतचे रबरी वेडर. टॉर्च हातात धरायचा नाही, डोळ्यांच्या रेषेत धरायचा, म्हणजे बेडकाच्या डोळ्यातून परतणारा उजेड थेट आपल्याला दिसतो. वीस मिनिटं काही नाही. मग काठच्या वेतासारख्या झुडपाखाली दोन ठिपके लुकलुकले. मी आनंदाने पुढे सरकलो. ती बाई म्हणाली, "थांब, कोळी आहे." कोळ्याचेही डोळे तसेच चमकतात. तासाभरात एक फुटका फुटबॉल, बिअरच्या बाटलीचा बूड आणि असंख्य कोळी सापडले. बेडूक एकही नाही. पण 'नाही' असं म्हणायला एक रात्र पुरत नाही. ठरलेल्या पद्धतीत आठपर्यंत फेऱ्या आहेत, काही दिवसा, बऱ्याच रात्री, त्यातल्या बहुतेक जानेवारी ते जूनच्या विणीच्या हंगामात आणि शेवटच्या उन्हाळ्यात. शेवटी तिथे बेडूक नाही हे सिद्ध झालं आणि त्या पुलाचं काम सरळ निघालं.

वहिनी, अभ्यास म्हणतात तो हा. खर्च मोठा नाही. पण पंचांग हलत नाही. विणीच्या हंगामात बायोलॉजिस्ट पाण्यात उतरला नाही तर पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायचं. फुलझाडांचंही तसंच, दुर्मिळ रोप फुलल्यावरच ओळखू येतं. पुलाखाली पाकोळ्यांची मातीची घरटी आहेत. १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्यामुळे त्यात पिलं असताना ती पाडता येत नाहीत, म्हणून ज्या वर्षी बांधायचं त्या वर्षी पक्षी यायच्या आत पुलाखाली जाळी लावावी लागते. आणि क्रीकच्या पात्रात उतरायचं ते साधारण जून ते ऑक्टोबर, पावसाआधी. एक महिना चुकला की एक वर्ष जातं. लोकांना वाटतं आढाव्याला चार वर्षं लागली. खरं तर अभ्यासाला आठ-नऊ महिने लागलेले असतात आणि बाकीचा काळ हंगाम चुकण्यात, नोकरी सोडून गेलेल्या प्लॅनरची जागा भरण्यात आणि मध्येच बदललेल्या आराखड्यात गेलेला असतो.

बदललेला आराखडा म्हटलं की आपली तिसरी मागणी आलीच. ती वाचून मी खरोखर कपाळाला हात लावला.

१९६६च्या परिवहन खात्याच्या कायद्यात 'फोर-एफ' नावाचं कलम आहे. सार्वजनिक पार्क, वन्यजीव आश्रयस्थान, ऐतिहासिक जागा यांचा तुकडा रस्त्यासाठी घ्यायचा असेल, तर दुसरा शहाणपणाचा आणि शक्य पर्याय नाही हे आधी दाखवायचं, असं ते म्हणतं. कलम कागदावरच राहिलं असतं. पण मेम्फिसमध्ये इंटरस्टेट ४० (आय-४०) हा महामार्ग ओव्हरटन पार्कच्या मधून नेण्याचं ठरलं, लोक कोर्टात गेले, आणि १९७१ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पार्कची जागा स्वस्त पडते म्हणून घेता येणार नाही, कायद्याने पार्कला वरचं स्थान दिलंय. ते पार्क आजही अखंड आहे, आणि आय-४० शहराला वळसा घालून जातो. तेव्हापासून नकाशावर पार्क दिसलं की आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा येतो.

सिटीच्या मूळ आराखड्यात नवा पूल जुन्याच्या जागी आहे, पार्कला हात नाही. आपण मागतोय ती ड्रॉप-ऑफ लेन पार्कच्या गवतातून, मुलांच्या झोपाळ्यांच्या कुंपणापासून दहा-बारा फुटांवरून जाईल, दोन ओक जातील. २००५ नंतर एक सवलत आहे. परिणाम नगण्य असेल तर लोकांना कळवून, त्यांचं ऐकून, पार्क खात्याची लेखी संमती घेऊन काम पुढे नेता येतं. पण त्या कागदांना महिने लागतात, आणि झोपाळ्याशेजारी गाड्यांची रांग 'नगण्य' आहे असं पार्क खात्याने का लिहून द्यावं? नाही दिलं तर आपला सोप्या यादीतला पूल आपणच बाहेर ओढला असं होईल. एका अर्जात आढावा रद्द करा आणि आढावा वाढवा, दोन्ही! मुलं पुलावरून चालत जाऊ शकावीत म्हणून पूल मागायचा आणि त्याच दमात त्यांना गाडीने सोडायला लेन मागायची, हेही मला नीटसं उमगलं नाही, पण ते असो.

आता जे अर्जात नाही त्याबद्दल.

लायब्ररीत ऑक्टोबरात सिटीने या पुलाची माहिती-बैठक घेतली होती. नोटीस इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत होती. एकूण नऊ माणसं. आपल्यातले मी धरून दोन. भिंतीवर नकाशा होता. त्यावर बांधकामाच्या काळात गाड्या वळवण्याचा रस्ता लाल तुटक रेघेने दाखवला होता, सव्वा मैलाचा. ती रेघ आपल्या टाउनहाउसेसवरून जात नाही. ती पलीकडच्या जुन्या अपार्टमेंटच्या गल्लीतून जाते, जिथे एका बाजूला फुटपाथ नाही आणि संध्याकाळी मुलं रस्त्यावरच चेंडू खेळतात. सगळे पुलाच्या कठड्याच्या डिझाइनवर बोलत होते. मागच्या रांगेतली एक बाई, हॉस्पिटलच्या साफसफाईवाल्यांचा निळा अंगरखा तसाच अंगावर, उठली आणि दुभाष्यामार्फत विचारलं: पूल बंद असेल तेव्हा पहाटे पाचची बस कुठे थांबणार? कुणालाच माहीत नव्हतं. इंजिनियरने वहीत लिहून घेतलं. मी वर सांगितलेल्या अटींत शेवटची अट आठवा, रस्ता बंद ठेवून लोकांचे मोठे हाल नकोत. तिच्या प्रश्नाला त्या अटीमुळेच वजन आहे. उत्तर फायलीत यावं लागेल. आपण मागितलेली माफी मिळाली असती तर तो प्रश्न नुसताच प्रश्न राहिला असता.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. आपल्यातले कितीतरी जण ओकलंडला ८८० नंबरच्या फ्रीवेवरून जातात. तो रस्ता पश्चिम ओकलंडला वळसा का घालतो, माहीत आहे? १९५७ साली तिथे सायप्रस नावाचा दुमजली फ्रीवे उघडला, काळ्या कामगारांच्या वस्तीच्या बरोबर मधून, घरं पाडून, एका बाजूची माणसं दुसऱ्या बाजूपासून तोडून. तेव्हा नेपा नव्हता. वस्तीला कुणी विचारलं नाही. १७ ऑक्टोबर १९८९च्या लोमा प्रिएटा भूकंपात तो फ्रीवे कोसळला आणि ४२ माणसं त्यात गेली. सरकारला तो होता तिथेच पुन्हा उभा करता आला असता. तातडीच्या दुरुस्तीला आढाव्यात सवलत असतेच. पण या वेळी वस्ती अडून बसली, पर्यायांचा अभ्यास झाला, आणि नवा फ्रीवे रेल्वे यार्डाच्या बाजूने नेला. १९९७ साली तो उघडला. वेळ गेला, खर्च एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला. जुन्याच्या जागी आज मंडेला पार्कवे आहे, मधोमध झाडं आणि चालायची वाट. आठ वर्षं उशीर झाला असं म्हणता येतं. माझा एक आफ्रिकन-अमेरिकन सहकारी तिथेच वाढला. तो म्हणतो, उशीर चाळीस वर्षांचा होता.

आता या व्यवस्थेची बाजू घेतोय म्हणून ती निर्दोष आहे असं समजू नका. मी यातच पोट भरतो, त्यामुळे तिची हाडं मला दिसतात. मोठ्या प्रकल्पांचे ईआयएस सरासरी साडेचार वर्षं चालत, सहाशेच्या वर पानं भरत, आणि ती पानं वाचण्यासाठी नव्हे तर कोर्टात टिकण्यासाठी लिहिली जात. सॅन फ्रान्सिस्कोने सायकल-लेनची योजना केली, तर एका दाव्यावरून कोर्टाने ती २००६ ते २०१० अशी चार वर्षं रोखून धरली. कारण काय, तर सीक्वाखाली अभ्यास झाला नव्हता, आणि तेव्हाच्या मोजमापात सिग्नलला गाड्या जास्त थांबणं हाच पर्यावरणावरचा परिणाम धरला जायचा! सायकल पर्यावरणाला घातक ठरली ती अशी. राज्याने ते मोजमाप बदललं, पण नवा नियम सगळीकडे लागू व्हायला २०२० उजाडलं. २०२३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ईआयएसला दोन वर्षं आणि साधारण १५० पानं, ईएला एक वर्ष आणि ७५ पानं अशी मर्यादा घातली. मला ती मनापासून आवडली. जे ७५ पानांत सांगता येत नाही ते बहुधा सांगणाऱ्यालाच कळलेलं नसतं.

पण त्यानंतरचं सगळंच आवडण्यासारखं नाही. गरीब आणि अल्पसंख्याक वस्त्यांवर जादा बोजा पडतो का ते बघा, असा क्लिंटन यांचा १९९४चा आदेश होता. तो जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. नेपा कसा राबवायचा याचे व्हाइट हाउसच्या पर्यावरण परिषदेचे सामाईक नियम एप्रिल २०२५ मध्ये काढून टाकले. मे महिन्यात युटातल्या एका रेल्वेमार्गाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोर्टांनी सरकारी खात्यांच्या आढाव्यात फार नाक खुपसू नये. कायदा तोच आहे, पण त्याच्या भिंती पातळ झाल्यात. अशा वेळी "आढावा नकोच" असा सूर आपल्या मंडळाने लावला, तर तो आपला न राहता वरच्या मोठ्या गाण्यात मिसळतो. तुमच्यातल्या कुणाला ते गाणं पटत असेल तर जरूर गा, पण चकली खाता खाता नको.

आपल्या सगळ्यांच्या मनात एक चित्र गावाकडचं आहे, हेही मी समजतो. मी चिपळूणकडचा. मुंबई-गोवा रस्ता रुंद करताना कडेची जुनी झाडं गेली, घाट पोखरला, आणि आमच्या आत्याच्या घरापुढच्या आंब्याखाली उभं राहून एसटीची वाट बघायची सोय गेली. जनसुनावणी म्हणजे मांडव, सतरंजी, पहिल्या रांगेत पुढारी आणि आधीच ठरलेला निर्णय, हा अनुभव घेऊन आपण इथे आलो. त्यामुळे 'पब्लिक कमेंट' म्हटलं की आपण मान डोलावतो आणि घरी जातो. इथे मात्र लिहून दिलेल्या प्रत्येक मुद्द्याची नोंद फायलीत राहते. कॅट-एक्सला स्वतंत्र सुनावणी लागत नाही हे खरं. पण राज्याच्या सीक्वाखालचा या पुलाचा कागद वसंत ऋतूत ३० दिवस लोकांसमोर येईल. त्या तीस दिवसांत लिहिलेलं एक नीट पत्र क्लिपबोर्डावरच्या ११८ सह्यांपेक्षा जास्त काम करतं. सह्याजीरावांची फौज कौन्सिलला नवी नाही.

मग आत्ता काय करायचं? डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी कौन्सिलच्या बैठकीत, चर्चेविना मंजूर करायच्या विषयांच्या यादीत, बायोलॉजिस्टच्या कंपनीला काम द्यायचा एक छोटासा ठराव आहे. यादीत बारावा की तेरावा. सिटीच्या बजेटमध्ये ओढाताण असली की असे ठराव "पुढच्या बैठकीत बघू" म्हणून सरकतात, आणि नाताळच्या सुटीनंतरची पुढची बैठक थेट जानेवारीच्या अखेरीला. मग करार, विम्याचे कागद होईस्तो मार्च. बेडकांचा हंगाम अर्धा संपलेला. तो हुकला तर एक वर्ष गेलं, आणि मग आपणच म्हणणार, बघा, बेडकाने अडवलं. त्या मंगळवारी आपल्यातल्या पाच-सहा जणांनी जाऊन, प्रत्येकाला मिळणाऱ्या दोन मिनिटांत एवढंच सांगायचं की हा ठराव आजच करा. ड्रॉप-ऑफ लेनची मागणी आपण मागे घेतोय, हेही सांगायचं. आणि वळवलेल्या रस्त्यावर बांधकामापुरता तरी तात्पुरता फुटपाथ आणि त्या बसचा थांबा द्या, ही मागणी त्या जागी घालायची. त्या अपार्टमेंटमधल्या लोकांशी आधी बोलून घेतलं तर उत्तम. माझं स्पॅनिश कामापुरतं आहे, आपल्यातल्या शाळेत जाणाऱ्या पोरांचं माझ्यापेक्षा बरं आहे.

ज्यांना बेडूक, पाकोळ्या, पार्क हे सगळं नकाशावर न बघता प्रत्यक्ष बघायचंय त्यांच्यासाठी: येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता मी पुलाखाली आहे, शाळेच्या बाजूच्या पायवाटेने खाली या. पाकोळ्या दक्षिणेला गेल्यात, पण घरटी कठड्याखाली रांगेने आहेत, मोजून ठेवू. गमबूट घाला, चिखल आहे. चहाचा थर्मास मी आणतो.

आपला,
सही न केलेला